अघोषित प्रकल्पग्रस्त : एका विशेषणाची हद्द



'प्रकल्पग्रस्त' हा शब्द नंदुरबार जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तळोद्याच्या बाजारात, धडगावच्या तहसील कचेरीत, नोकरभरतीच्या जाहिरातीत, निवडणुकीच्या भाषणात तो सतत कानावर पडतो. तरीही आजच्या व्याख्यानाला मी हाच शब्द निवडला. सातपुड्याच्या नर्मदेकडच्या उतारावर राहणाऱ्या माणसाला जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली की नाही, त्याच्या नव्या घराला भूखंड मिळाला की नाही, हे या एका विशेषणात तो बसला की नाही यावर ठरलेलं आहे. बाकीच्या विशेषणांचा अर्थ कोशात सापडतो. याचा अर्थ शोधायला तलाठ्याचं दप्तर उघडावं लागतं, भूसंपादनाचे निवाडे आणि न्यायालयाचे निकाल वाचावे लागतात. ते वाचल्यावर एक गोष्ट मला स्पष्ट दिसते, आणि तीच आज मांडायची आहे. कायद्याच्या मूळ मजकुरात या शब्दाचा पैस मोठा होता. वापरात तो आवळला गेला. हे आवळणं भाषेच्या ओघात आपोआप झालेलं नाही. नोंद कोणाची घ्यायची आणि कोणाची नाही, अशा शेकडो लहानलहान निर्णयांतून ते झालं आहे.

शब्दाच्या घडणीपासून सुरुवात करू. इंग्रजीत 'प्रोजेक्ट-अफेक्टेड' हे नाम आणि भूतकालवाचक धातुसाधित यांना आडव्या रेघेने जोडून केलेलं विशेषण आहे. 'फ्लड-अफेक्टेड', 'ड्रॉट-अफेक्टेड' ही त्याची भावंडं. मोठ्या धरणांना कर्ज देणाऱ्या संस्थांच्या आणि सरकारी खात्यांच्या कागदपत्रांत ते रुळलं आणि पुढे 'पर्सन' जोडून 'पीएपी' या तीन अक्षरांत मावलं. मराठीला मात्र हा साचा बाहेरून घ्यावा लागला नाही. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, धरणग्रस्त हे शब्द आपल्याकडे होतेच. मुळशीचा लढा १९२१ साली सुरू झाला, पानशेत १९६१ मध्ये फुटलं, कोयनेच्या लोकांची घरंदारं गेली. या सगळ्यांतून 'ग्रस्त' हे उत्तरपद मराठी माणसाच्या कानाला सवयीचं झालं. व्याकरणात हा तृतीया तत्पुरुष आहे, प्रकल्पाने ग्रस्त. आणि ग्रस्त म्हणजे गिळलेला. पंचांगात सूर्य किंवा चंद्र ग्रहण लागलेल्या स्थितीतच उगवतो त्याला ग्रस्तोदय म्हणतात. इंग्रजी 'अफेक्टेड' इतका जड नाही. ज्याच्यावर काही परिणाम झाला तो प्रत्येक जण त्यात येतो, परिणाम थोडा असो वा फार. म्हणजे इंग्रजी शब्द पसरट आहे, मराठी शब्द खोल आहे. कारभारात या दोन्हींतला तोट्याचा तेवढा भाग उचलला गेला. इंग्रजीचा पसरटपणा गळाला, आणि मराठी शब्दाची खोली 'पूर्ण गिळला गेला असेल तरच ग्रस्त' अशी अट बनून राहिली.

पूरग्रस्त आणि प्रकल्पग्रस्त हे एकाच साच्यातले शब्द असले तरी त्यांत एक मोठा फरक आहे. पूर कोणी ठरवून आणत नाही, पुराचा लाभधारक नसतो. प्रकल्प ठरवला जातो, त्याचा खर्च आणि फायदा मांडला जातो, आणि फायदा कोणाच्या वाट्याला जाणार हे आधीच माहीत असतं. त्यामुळे 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द एकटा कधीच पुरा होत नाही, त्याला 'प्रकल्पलाभधारक' ही जोड लागते. महाराष्ट्राच्या कायद्याने ही जोड ओळखली होती. १९७६ च्या कायद्याच्या नावात 'प्रकल्पामुळे विस्थापित' झालेल्या व्यक्ती होत्या. दहा वर्षांनी, १९८६ च्या कायद्याच्या नावात 'विस्थापित' जाऊन 'प्रकल्पग्रस्त' आलं, आणि १९९९ च्या कायद्यातही ते टिकलं. हा बदल नुसता शाब्दिक नव्हता. घर न हलताही माणसाचं नुकसान होऊ शकतं, हे त्या बदलात मान्य झालं होतं. शिवाय या कायद्यांनी बाधित क्षेत्र आणि लाभक्षेत्र असे दोन भाग पाडले. ज्यांच्या शेतात पाणी येणार त्यांच्याकडच्या ठरावीक मर्यादेवरच्या जमिनीतून काही हिस्सा घ्यायचा आणि ज्यांच्या शेतावर पाणी चढणार त्यांना तो द्यायचा, असं हे तत्त्व आहे. धरणग्रस्तांच्या चळवळींनी वर्षानुवर्षं रेटा लावला म्हणून ते कायद्यात आलं. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केलेल्या न्याय्य गोष्टींमध्ये मी त्याची गणना करतो.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बाबतीत हे तत्त्व जिल्ह्याच्या सीमेवरच अडलं. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिला, तेव्हा वाटपासाठी धरलेल्या २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यातलं महाराष्ट्राच्या वाट्याला आलं ०.२५ दशलक्ष. धरणाच्या विजेतला हिस्सा २७ टक्के. लाभक्षेत्र जवळजवळ सगळं गुजरातेत आणि काही राजस्थानात. अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतली ३३ गावं बुडितात आली. मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी ही नावं त्यातलीच. म्हणजे ग्रस्त एका राज्यात, लाभधारक दुसऱ्या राज्यात, आणि दोघांना जोडणारा राज्याचा कायदा सीमेपलीकडे लागू होत नाही. निवाड्याने यावर उपाय काढला होता : पुनर्वसनाचा खर्च गुजरातने द्यायचा, आणि विस्थापितांनी हवं तर गुजरातेत जावं किंवा आपल्या राज्यात राहावं. ज्यांनी आपल्या राज्यात राहणं पत्करलं त्यांच्यासाठी लाभक्षेत्रातली जमीन उरलीच नाही, म्हणून तळोद्याचं जंगल मोकळं करण्यात आलं. त्या जंगलाकडे मी पुढे येणार आहे.

निवाड्यातली व्याख्या बारकाईने वाचण्यासारखी आहे. तिथे 'प्रकल्पग्रस्त' नाही, 'आउस्टी' म्हणजे जागेवरून उठवलेला असा शब्द आहे. पण त्या शब्दाखाली कोण कोण येतं पाहा. भूसंपादन कायद्याच्या कलम ४ ची अधिसूचना निघण्याच्या किमान एक वर्ष आधीपासून, कायमच्या किंवा तात्पुरत्या बुडणाऱ्या क्षेत्रात जो सर्वसाधारणपणे राहतो, किंवा जमीन कसतो, किंवा एखादा व्यवसाय, धंदा, कामकाज करून पोट भरतो, असा कोणीही. मालक हा शब्द या व्याख्येत नाही. राहणं, कसणं आणि पोट भरणं या तीनच कसोट्या आहेत. गावात लोहारकाम करणारा, नावाडी, दुसऱ्याच्या शेतात राबणारा, सगळे यात बसतात. प्रत्येक सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायचा असंही निवाड्यात आहे. सज्ञान मुलगी त्यात नाही, हा त्या काळाचा दोष आहे आणि तो दोष म्हणूनच नोंदवला पाहिजे. एवढं सोडलं तर १९७९ सालची ही व्याख्या आजही उदार वाटावी अशी आहे. अडचण पुढच्या कलमांत सुरू होते. ज्या कुटुंबाची २५ टक्क्यांहून जास्त जमीन संपादित झाली, त्यालाच जमिनीच्या बदल्यात जमीन, आणि ती किमान २ हेक्टर ओलिताखाली येणारी. व्याख्या माणसाच्या जगण्याला धरून केली, हक्क मात्र संपादित जमिनीच्या टक्केवारीला बांधला. टक्केवारी काढायची तर आधी जमीन कागदावर हवी.

आता सातबाऱ्याकडे येऊ. सात नंबरच्या नमुन्यात जमीन कोणाच्या ताब्यात, बारामध्ये पीक काय, अशी ही मैदानी महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेली व्यवस्था आहे. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यात तिचा पाया कच्चा होता. कित्येक गावं दीर्घकाळ वनगावं म्हणून राहिली आणि महसुली गावाचा दर्जा त्यांना उशिरा मिळाला. भिल्ल आणि पावरा कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या उतारावरच्या ज्या जमिनीत ज्वारी, मका आणि मोर, भादी ही धान्यं पिकवत आली तिला त्यांच्या बोलीत नेवाड म्हणतात. वनखात्याच्या कागदात तीच जमीन अतिक्रमण झाली. बापाच्या नावावर एक तुकडा, बाकी सगळं नेवाड, आणि चार सज्ञान मुलं : अशा घराची कागदावर किती टक्के जमीन गेली? कागदाच्या हिशेबाने फार थोडी, कारण कागदावर मुळातच फार थोडी होती. जो अतिक्रमणदार ठरला तो भूमिहीन ठरला, आणि भूमिहीनाला काय द्यायचं हे निवाड्याने स्पष्ट न सांगितल्यामुळे ते राज्याच्या मर्जीवर राहिलं. गुजरातने १९८७ मध्ये भूमिहीन आणि अतिक्रमणदार यांनाही २ हेक्टर देण्याचं धोरण स्वीकारलं. महाराष्ट्राने तेवढी जमीन दिली नाही. एकाच धरणाच्या, एकाच निवाड्याखालच्या, एकाच नदीच्या काठावरच्या दोन माणसांसाठी एका शब्दाचे दोन अर्थ झाले.

या सगळ्यातून जिल्ह्यात एक नवा शब्दप्रयोग रुजला, 'घोषित' आणि 'अघोषित' प्रकल्पग्रस्त. कचेरीतला कारकून तो वापरतो, आंदोलनातला कार्यकर्ता वापरतो, आणि ज्याच्या शेतात पाणी शिरलं तो माणूसही वापरतो. व्याकरणाच्या दृष्टीने हा विलक्षण प्रयोग आहे. पूर ओसरल्यावर कोणी 'अघोषित पूरग्रस्त' म्हणत नाही, कारण घरात पाणी आलं होतं हे भिंतीवरचा ओलावाच सांगतो. इथे मात्र पाणी येऊनही घोषणा झाली नाही तर माणूस ग्रस्त ठरत नाही. विशेषणाने वस्तुस्थिती सांगणं सोडलं आणि ते प्रशासनाने बहाल करायचा दर्जा झालं. राज्य सरकारने २००१ मध्ये न्यायमूर्ती दाऊद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि त्यानंतर यादीबाहेर राहिलेल्यांच्या मोजणीचं काम पुन्हा हाती घेतलं गेलं. निवाड्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००० मध्ये धरण ९० मीटरपर्यंत नेण्याची परवानगी दिल्यावर ग्रस्त कोण हे राज्याला पुन्हा मोजावंसं वाटलं, यातच पहिल्या मोजणीवरचा अभिप्राय आहे.

शब्दाच्या अर्थावर सर्वोच्च न्यायालयाने थेट बोट ठेवलं असा प्रसंग १५ मार्च २००५ च्या निकालाचा आहे. प्रश्न मध्य प्रदेशातून आला होता. धरणाच्या मागे नदीचं पाणी पावसाळ्यात फुगून चढतं आणि नंतर उतरतं. अशा जमिनी 'तात्पुरत्या बाधित' आहेत, त्यांच्या मालकांना जमीन देण्याची गरज नाही, अशी त्या राज्याची भूमिका होती. न्यायालयाने निवाड्याची व्याख्या समोर ठेवली. तिच्यात 'कायमच्या किंवा तात्पुरत्या' असे शब्द आहेत. व्याख्येने जे एकत्र ठेवलं ते अंमलबजावणीत वेगळं करता येणार नाही, आणि सज्ञान मुलांचा जमिनीवरचा हक्कही नाकारता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. पाणी वर्षातले थोडेच दिवस राहिलं तरी ते नेमकं खरिपाच्या दिवसांत येतं, आणि पाणी उतरल्यावर उरतो तो गाळ. अशा शेताच्या मालकाला तात्पुरता ग्रस्त म्हणणं म्हणजे घड्याळ पाहणं आणि शेती न पाहणं.

पाण्याखाली न जाताही ग्रस्त होण्याचे दोन प्रकार याच जिल्ह्यात आहेत, आणि माझ्या मांडणीचा खरा भार त्यांच्यावर आहे. पहिला टापूचा. जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. मोजणीची रेषा त्या उंचीवर डोंगराच्या अंगावरून फिरते. नर्मदेच्या काठाला मात्र सरळ उतार नाही, सोंडा आहेत, नाले आहेत. पाणी नाल्यातून आत शिरतं आणि सोंडेचा माथा तिन्ही-चारी बाजूंनी वेढला जातो. माथ्यावरचं शेत रेषेच्या वर आहे, म्हणून कोरडं, म्हणून संपादनाबाहेर. तिथे जायचं तर होडी हवी. बैल होडीतून कसे न्यायचे? बियाणं नेलं तरी पीक राखायला कोण राहणार, आजारी माणूस दवाखान्यात कसा पोचवायचा? एखाद्याची सलग जमीन ७५ टक्के किंवा जास्त घेतली जात असेल तर उरलेलीही घ्या असं तो सांगू शकतो, इतकी तरतूद निवाड्यात आहे. पण टापूवरच्या माणसाची अडचण टक्क्यांची नाहीच, वाटेची आहे. शेत शाबूत आहे आणि शेती संपली आहे. उंचीच्या रेषेला ही गोष्ट मोजता येत नाही.

दुसरा प्रकार तळोद्याच्या जंगलाचा. सोमावल, रोझवा या परिसरात वसाहती वसवण्यासाठी सुमारे ४,२०० हेक्टर राखीव वनजमीन केंद्राच्या परवानगीने टप्प्याटप्प्याने मोकळी करण्यात आली. ती रिकामी नव्हती. तळोदा तालुक्यातल्या आसपासच्या गावांची गुरं तिथे चरत, सरपण, मोह, तेंदूपान तिथून येई, काहींची नेवाडही तिथेच होती. वरून आलेली कुटुंबं प्रकल्पग्रस्त म्हणून तिथे बसली. ज्यांचं जंगल गेलं ते खालचे लोक मात्र कोणत्याच यादीत आले नाहीत. धरणाची भिंत तिथून कितीतरी दूर, पाण्याची रेषा सातपुड्याच्या पलीकडे, तरी धरण नसतं तर हे जंगल तुटलं नसतं. मग त्यांना प्रकल्पाने ग्रासलं नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? इथे समासाच्या पहिल्या पदाचा प्रश्न येतो, प्रकल्प म्हणजे नेमकं काय. भिंत आणि जलाशय तेवढाच प्रकल्प धरला तर कालव्यात जमीन गेलेला, वसाहतीसाठी जमीन दिलेला, पुनर्वसनासाठी जंगल गमावलेला, सगळे बाहेर पडतात. जमाखर्च मांडताना कालवे प्रकल्पात धरले जातात, कारण सिंचनाचा सगळा लाभ कालव्यातून येतो. लाभाच्या बाजूला प्रकल्प इतका लांबवर पसरतो, मग हानीच्या बाजूलाही तो तितकाच पसरायला हवा. तर्कशास्त्राची ही किमान मागणी आहे.

या मांडणीवर आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की व्याख्येला कुठेतरी हद्द हवीच, नाहीतर अवघा जिल्हाच प्रकल्पग्रस्त ठरेल, आणि ज्याचं घर खरोखर बुडालं त्याच्या वाट्याचं गर्दीत विरून जाईल. हद्द हवी हे मला मान्य आहे. ती कशावर बांधायची एवढाच वाद आहे. नकाशावरच्या उंचीवर बांधली तर मोजायला सोपी पडते, पण चुकीची माणसं आत येतात आणि योग्य माणसं बाहेर राहतात. उपजीविकेवर बांधली तर मोजायला कठीण, पण ती मोजता येते. प्रकल्पापूर्वी हे घर कशावर जगत होतं आणि प्रकल्पानंतर त्यातलं काय उरलं, हे ग्रामसभेत बसून, पाडा-पाडा फिरून ठरवता येतं. शिवाय ग्रस्त असण्याच्या पायऱ्या असू शकतात. सर्वांना सारखीच भरपाई असं कोणीच म्हणत नाही. ग्रस्त म्हणून नोंद आणि भरपाईचं प्रमाण हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की गर्दीची भीती बरीचशी उरत नाही.

दुसरा आक्षेप खोट्या दाखल्यांचा. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्यामुळे प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्याला किंमत आली, आणि किंमत आली की बनावटही येते. व्याख्या रुंदावली तर बनावट वाढेल असं सांगितलं जातं. मला उलट वाटतं. आज दाखला संपादनाच्या कागदावर मिळतो, आणि ज्यांना कागद हाताळता येतात त्यांना तो आधी मिळतो. डोंगरावरच्या माणसाला कागद हाताळता येत नाहीत, पण त्याची गावभर ओळख असते. नोंद गावासमोर, उघड्यावर वाचून दाखवली तर खोटा माणूस तिथे टिकणं अवघड आहे.

तिसरा आक्षेप आपल्याच बाजूच्या, चळवळीतल्या मित्रांचा आहे. 'ग्रस्त' हा शब्दच माणसाला दीन करतो, लाचार ठेवतो, तो सोडून हक्काची भाषा बोला असं ते म्हणतात. अलीकडे कागदपत्रांत 'बाधित' हा शब्द वाढतो आहे, तो सौम्य वाटतो म्हणूनही असेल. या आक्षेपामागची भावना मी समजू शकतो, पण शब्द बदलायला मी तयार नाही. 'बाधित' म्हटलं की बाधा उतरण्याची शक्यता सुचते, आणि बुडालेलं शिवार परत वर येत नाही. 'विस्थापित' म्हटलं तर टापूवरचा आणि तळोद्याचा माणूस पुन्हा सुटतो, कारण तो कुठेच गेला नाही. 'ग्रस्त' या शब्दात एक तक्रार आहे आणि त्या तक्रारीत कोणीतरी ग्रासलं असल्याची खूण आहे. दीनपणा शब्दात नाही, तो दाखल्यासाठी माराव्या लागणाऱ्या हेलपाट्यांत आहे.

कायदा या दिशेने थोडा पुढे आलाही आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या 'बाधित कुटुंब' या व्याख्येत जमीनमालकाबरोबर शेतमजूर, कूळ, बटाईदार, कारागीर येतात. वनहक्क गमावलेले आदिवासी येतात. आणि जंगलावर किंवा पाण्यावर जगणारे, म्हणजे वनोपज गोळा करणारे, मासेमारी करणारे, होडी चालवणारेही येतात. अट एवढीच की संपादनाआधी तीन वर्षं त्यांची मुख्य उपजीविका त्यावर असावी. १९७९ च्या निवाड्यातलं 'पोट भरणं' इथे चौतीस वर्षांनी सविस्तर शब्दांत परत आलं. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर १३ डिसेंबर २००५ पर्यंत ताब्यात असलेली नेवाड कायदेशीर ठरवण्याची वाट उघडली. कालचा अतिक्रमणदार उद्याच्या प्रकल्पात हक्कदार म्हणून उभा राहू शकतो. पण तो उभा राहील तो वैयक्तिक दाव्याचा निकाल लागलेला असेल तर, आणि सामूहिक वनहक्काचा नकाशा गावाच्या हातात असेल तर. हे काम प्रकल्पाची अधिसूचना निघाल्यावर करता येत नाही, तेव्हा वेळ गेलेली असते.

म्हणून अक्राणी, अक्कलकुवा आणि तळोदा या तालुक्यांतल्या ग्रामसभांनी तीन नोंदी आत्ताच, कोणताही नवा प्रकल्प दारात नसताना, करून ठेवाव्यात अशी माझी सूचना आहे. कोण कोणती नेवाड किती वर्षं कसतो, चराई आणि वनोपजाच्या वाटा कोणत्या, आणि प्रत्येक घरातल्या सज्ञान बायका व मुली कोण. या तिसऱ्या नोंदीवर माझा विशेष भर आहे. निवाड्यातल्या 'सज्ञान मुलगा' या दोन शब्दांमुळे ज्या मुली मोजल्या गेल्या नाहीत त्यांचं नाव निदान गावाच्या वहीत तरी लिहिलेलं असावं. टापूवरच्या शेतांची पाहणीही पावसाळा संपल्यावर, जलाशय भरलेला असताना व्हायला हवी. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर अधिकारी येतात तेव्हा त्यांना सोंडेवर चालत जाता येतं, आणि वाट आहे असा शेरा पडतो.